पुरस्कार कोणाला, पुस्तक कोणासाठी?

मुलांसाठीच्या पुरस्कारप्राप्त पुस्तकांविषयी काही शंका असतील तर कळवाव्यात, असे आवाहन या सदरातून मागील अंकात केले होते. मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील सात पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते आठवीचे वर्ग आहेत. गावाने लोकवर्गणी काढली आणि मुलांच्या पुस्तकांसाठी पाच हजार रुपये जमले. मुख्याध्यापक म्हणतात की फसगत नको, केवळ पुरस्कारप्राप्त पुस्तकेच घ्यावीत. मला हे अर्धेच पटते. कोणते पुरस्कार प्रमाण मानावेत? — एक शिक्षिका, ता. जिंतूर, जि. परभणी

उत्तर : आपल्या मुख्याध्यापकांची काळजी रास्त आहे. लोकवर्गणीच्या पैशाचा हिशेब गावासमोर ठेवावा लागतो आणि ‘या पुस्तकाला पुरस्कार आहे’ एवढे सांगितले की पुढचे प्रश्न सहसा येत नाहीत. परंतु प्रत्येक पुरस्काराची नियमावली वेगळी असते, आणि ती वाचल्याशिवाय शिक्क्याचा अर्थ कळत नाही. आपल्याला पडलेली अर्धी शंका नेमकी तेथेच आहे.

प्रथम साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार पाहू. तो २०१० पासून २४ भारतीय भाषांना दिला जातो. ताम्रपट आणि पन्नास हजार रुपये असे त्याचे स्वरूप असून प्रत्येक भाषेसाठी तीन परीक्षकांची समिती निर्णय करते. या पुरस्कारासाठी बालसाहित्य म्हणजे ९ ते १६ या वयोगटासाठी लिहिलेले साहित्य, असे धरलेले आहे. आपल्या शाळेचा पट डोळ्यांसमोर आणावा, म्हणजे या एका अटीचे महत्त्व लक्षात येईल. पहिली-दुसरीची मुले, म्हणजे ज्यांच्या हातात पुस्तक सर्वांत आधी पडायला हवे ती मुले, या पुरस्काराच्या कक्षेबाहेरच राहतात. केवळ या यादीवरून खरेदी केली तर नुकतीच अक्षरे जुळवू लागलेल्या मुलांसाठी शाळेत एकही पुस्तक येणार नाही, आणि तरीही कागदोपत्री खरेदी निर्दोष ठरेल.

दुसरी बाब ‘एकूण योगदाना’ची. मराठीत २०१२ साली बाबा भांड, २०१३ साली अनंत भावे, २०१४ साली माधुरी पुरंदरे, २०१५ साली लीलाधर हेगडे, २०१६ साली राजीव तांबे आणि २०१८ साली रत्नाकर मतकरी यांना हा पुरस्कार मिळाला, तो त्यांच्या बालसाहित्यातील एकूण कार्यासाठी. त्यामागे कोणतेही एक पुस्तक नव्हते. त्यामुळे मुखपृष्ठावर ‘अकादमी पुरस्कारप्राप्त लेखक’ असे छापलेले असेल, तर सन्मान लेखकाचा झाला आहे, हातातले पुस्तक त्यासाठी कोणी स्वतंत्रपणे पारखले असेलच असे नाही, हे खरेदी करणाऱ्याने ओळखावे.

विशिष्ट पुस्तकाला पुरस्कार मिळाला अशी नावे पुढीलप्रमाणे आहेत. अनिल अवचट यांचे ‘सृष्टीत... गोष्टीत’ (२०१०), दिलीप प्रभावळकर यांचे ‘बोक्या सातबंडे’ (२०११), ल. म. कडू यांचे ‘खारीच्या वाटा’ (२०१७), सलीम सरदार मुल्ला यांचे ‘जंगल खजिन्याचा शोध’ (२०१९), आबा गोविंदा महाजन यांचे ‘आबाची गोष्ट’ (२०२०), संजय वाघ यांचे ‘जोकर बनला किंगमेकर’ (२०२१), संगीता बर्वे यांचे ‘पियूची वही’ (२०२२), एकनाथ आव्हाड यांचे ‘छंद देई आनंद’ (२०२३), भारत सासणे यांचे ‘समशेर आणि भूतबंगला’ (२०२४) आणि सुरेश सावंत यांचे ‘आभाळमाया’ (२०२५). आपल्या भागातील वाचकांना शेवटच्या दोन नावांचा विशेष आनंद व्हावा. सासणे यांचा जन्म जालन्याचा आणि २०२२ च्या उदगीर येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, तर सावंत हे नांदेडचे, अनेक वर्षे मुख्याध्यापक राहिलेले कवी. सलग दोन वर्षे हा सन्मान मराठवाड्याशी नाते असलेल्या लेखकांकडे आला, ही गोष्ट मुलांना वर्गात अवश्य सांगावी. पुस्तके लिहिणारी माणसे आपल्याही जिल्ह्यात राहतात, आपण चढतो त्याच एसटीत चढतात, हे कळले की मुलांना पुस्तक परके वाटत नाही.

या दहा पुस्तकांत कादंबऱ्यांचे पारडे जड आहे. त्यांतील पाच कादंबऱ्या आहेत आणि दोन कवितासंग्रह. शाळेला नाटुकली लागतात, विज्ञानाची आणि छंदांची पुस्तके लागतात. त्यासाठी महाराष्ट्र शासनाच्या यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांची यादी अधिक उपयोगी पडते, कारण त्यात बालवाङ्मयाचे प्रकार वेगळे केलेले आहेत. कवितेसाठी बालकवी पुरस्कार, नाटक आणि एकांकिकांसाठी भा. रा. भागवत पुरस्कार, कादंबरीसाठी साने गुरुजी पुरस्कार, कथेसाठी राजा मंगळवेढेकर पुरस्कार, सामान्य ज्ञान, छंद व शास्त्रे यांसाठी यदुनाथ थत्ते पुरस्कार आणि संकीर्ण लेखनासाठी ना. धों. ताम्हणकर पुरस्कार अशी ही विभागणी आहे. स्नेहसंमेलनासाठी नाटुकले शोधणाऱ्या शिक्षकाने थेट भागवतांच्या नावाच्या पुरस्कारापासून सुरुवात करावी.

आणखी एक मर्यादा आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पुरस्कार नव्या पुस्तकांनाच मिळतात. अकादमीच्या २०२५ च्या पुरस्कारासाठी १ जानेवारी २०१९ ते ३१ डिसेंबर २०२३ या काळात प्रथम प्रकाशित झालेली पुस्तकेच विचारात घेतली गेली. ‘श्यामची आई’ १९३५ साली पुस्तकरूपाने आले, साने गुरुजी १९५० साली गेले आणि साहित्य अकादमीची स्थापना त्यानंतर, १९५४ साली झाली. त्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले ते आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर काढलेल्या चित्रपटाला. म्हणजे केवळ पुरस्कारप्राप्त पुस्तके घ्यायची हा नियम काटेकोरपणे पाळला, तर ज्या गुरुजींच्या नावाने शासन पुरस्कार देते त्यांचेच पुस्तक आपल्या कपाटात येणार नाही.

माझे मत विचाराल तर पाच हजारांपैकी साधारण निम्मी रक्कम चौथी ते आठवीच्या मुलांसाठी वरील दोन्ही याद्यांमधून खर्च करावी. उरलेली निम्मी पहिली ते तिसरीच्या चित्रमय, मोठ्या टाइपाच्या, पातळ पुस्तकांसाठी राखून ठेवावी आणि तेथे शिक्क्याचा आग्रह सोडावा. लहानांच्या बाबतीतही पुरस्काराचा आधार हवाच असेल तर माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांकडे वळावे. २०१६ साली सुरू झालेल्या बिग लिटल बुक पुरस्काराच्या त्या पहिल्या मानकरी लेखिका आहेत. त्या आपल्या पुस्तकांची चित्रेही स्वतः काढतात, त्यामुळे मजकूर आणि चित्र एकमेकांना धरून चालतात. दुकानात शक्य असेल तर प्रत्येक पुस्तकाचे मधले एक पान उभ्या उभ्या मोठ्याने वाचून पाहावे. जे वाक्य आपल्याच जिभेवर अडखळते, ते दुसरीच्या मुलाच्या जिभेवर नक्की अडखळणार.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. ‘साहित्य अकादमी युवा पुरस्कार’ असे लिहिलेले एक पुस्तक मी मोठ्या हौसेने तिच्यासाठी आणले. वाचायला घेतल्यावर कळले की त्यातील विषय तिच्या वयाला झेपणारे नाहीत. युवा पुरस्कार तरुण वाचकांसाठी नसतो काय? — एक पालक, लातूर

उत्तर : नसतो. २०११ पासून दिला जाणारा हा पुरस्कार ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी आहे. ‘युवा’ हे विशेषण लेखकाला लागते, वाचकाला लागत नाही. असे पुस्तक संपूर्णपणे प्रौढांसाठी असू शकते आणि बहुतेक वेळा ते तसेच असते. आपल्याला हवा होता तो बाल साहित्य पुरस्कार. नामसाधर्म्यामुळे हा घोटाळा पुष्कळांचा होतो, तेव्हा मनाला लावून घेऊ नये. पुस्तक आपण स्वतः वाचावे आणि जपून ठेवावे. चार-पाच वर्षांनी मुलगी ते आपणहून मागेल.

प्रश्न : शाळेने मुलाला वाचायला दिलेल्या एका पुरस्कारप्राप्त पुस्तकातील पात्रे गावाकडच्या बोलीत बोलतात. मुलगा आता घरी मुद्दाम ‘मपलं’, ‘तुपलं’, ‘कामून’ असे बोलून दाखवतो. त्याने शुद्ध मराठी शिकावे म्हणून आम्ही तालुक्याच्या गावी येऊन राहिलो आहोत. परीक्षकांनी अशा भाषेला पुरस्कार कसा दिला? — एक वडील, ता. आष्टी, जि. बीड

उत्तर : आपण कोणत्या कष्टातून तालुक्याला आला असाल याची मला कल्पना आहे. आपल्या बोलीला हसणारी माणसे पुण्या-मुंबईतच भेटतात असे नाही, ती आपल्या तहसील कचेरीतही भेटतात, आणि मुलाला तो अनुभव येऊ नये असे वडिलांना वाटणे अगदी स्वाभाविक आहे. माझी आजी ‘मपलं लेकरू’ म्हणत असे आणि शाळेत गेल्यावर मी तिची चूक सुधारू लागले. ती काही वर्षे माझ्याशी जपून, तोलून बोलू लागली. त्याची खंत मला आजही आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी थोडे सविस्तर देते.

परीक्षक पुस्तकाची भाषा शब्दकोशाला लावून तपासत नाहीत. हे पात्र असेच बोलेल काय, एवढे ते पाहतात. शेळ्या राखणारा दहा वर्षांचा मुलगा पाठ्यपुस्तकाच्या भाषेत बोलू लागला, तर वाचणाऱ्या मुलाचा त्या गोष्टीवरचा विश्वासच उडतो. कथनाची भाषा प्रमाण आणि संवाद बोलीत, ही घडी आपल्या बालसाहित्यात आता रुळली आहे. एकाच पानावर दोन्ही वाचताना कोठे कोणती भाषा वापरायची, हे मूल आपोआप शिकते. आपला मुलगा ‘मुद्दाम’ तसे बोलतो असे आपणच लिहिले आहे. दोन भाषारूपांतील फरक त्याला कळला आहे, म्हणूनच त्याला त्यात मौज वाटते. परीक्षेच्या पेपरात तो ‘कामून’ लिहिणार नाही आणि एखाद्या वेळी लिहिलेच, तर बाई त्याला ‘का’ आणि ‘कशामुळे’ समजावून सांगतील.

शिवाय ही भाषा अडाणी आहे, हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकातील, आणि त्यातील कितीतरी प्रसंग पैठणात, गोदेच्या काठावर घडतात. चक्रधरस्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले. हत्तीला चाचपून पाहणाऱ्या जन्मांधांची गोष्ट त्यांत आहे. पुढे पैठणच्याच एकनाथांनी भारुडांतून वाघ्या, मुरळी आणि वासुदेवाला आपापल्या ढंगात बोलते केले. थोडक्या शब्दांत, लोकांच्या तोंडच्या भाषेत गोष्ट सांगण्याची ही रीत आपल्याच भूमीत वाढली आहे. आज तिला पुरस्कार मिळत असेल तर मला त्याचा अभिमान वाटतो.

एक विनंती आहे. आज रात्री मुलाला ते पुस्तक आपल्याला वाचून दाखवायला सांगावे आणि जेथे आपल्या गावात वेगळा शब्द वापरतात तेथे आपण तो त्याला सांगावा. आष्टीकडची बोली आणि पुस्तकातील बोली यांत थोडा तरी फरक निघेलच, आणि तो दाखवून देणारे जाणकार या वेळी आपण असाल.

प्रश्न : माझी नात परदेशात असते. तिने मला फोनवर विचारले, की मुलांच्या पुस्तकांचे ‘नोबेल’ कोणते आणि ते कोणा भारतीयाला मिळाले आहे काय? तिच्या शाळेतील पुस्तकांवर सोनेरी चकती असते म्हणे. मला उत्तर देता आले नाही, ते आपण द्यावे. — एक आजोबा, अंबाजोगाई

उत्तर : नातीने पाहिलेली सोनेरी चकती बहुधा न्यूबेरी पदकाची असावी. हे पदक अमेरिकेतील ग्रंथपालांची संघटना १९२२ पासून देते, आणि अठराव्या शतकात लंडनमध्ये मुलांसाठी पुस्तके काढणाऱ्या जॉन न्यूबेरी या प्रकाशकाचे नाव त्याला दिलेले आहे. चित्रपुस्तकांसाठी त्याच संघटनेचे कॅल्डेकॉट पदक १९३८ पासून आहे. ही पदके अमेरिकेचे नागरिक किंवा तेथील रहिवासी असलेल्यांनाच मिळतात, त्यामुळे त्यांना जगाचा कौल मानण्याचे कारण नाही.

भारतीयाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र ऐकण्यासारखे आहे. १९२८ सालचे न्यूबेरी पदक धनगोपाल मुखर्जी या भारतात जन्मलेल्या लेखकाला मिळाले. त्यांची गोष्ट ‘चित्रग्रीव’ नावाच्या एका कबुतराची आहे. ते कलकत्त्यात वाढते, हिमालयात उडायला शिकते आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या रणभूमीवर निरोप पोचवण्याचे काम करते. नातीच्या शाळेच्या ग्रंथालयात हे पुस्तक बहुधा असेल, तिला अवश्य शोधायला सांगावे.

‘मुलांच्या साहित्याचे नोबेल’ असे ज्याला म्हणतात तो हान्स क्रिश्चन अँडरसन या डॅनिश परीकथाकाराच्या नावाचा पुरस्कार. तो लेखकांना १९५६ पासून आणि चित्रकारांना १९६६ पासून, दर दोन वर्षांनी, एकूण कार्यासाठी दिला जातो. तो देणारी संस्था येल्ला लेपमन या विदुषीने १९५३ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन केली. महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीत मुलांना भाकरीइतकीच पुस्तकेही लागतात, या विचाराने काम करणारी ही बाई होती. अँडरसन यांचा जन्मदिवस, २ एप्रिल, हा आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून १९६७ पासून पाळला जातो. तो आपल्याकडे परीक्षांच्या गर्दीत येतो आणि तसाच निघून जातो, ही हळहळण्यासारखी गोष्ट आहे.

या पुरस्काराच्या संदर्भात जपानचे एक उदाहरण मला मराठीसाठी फार मोलाचे वाटते. १९९४ साली हा पुरस्कार मिचिओ मादो या जपानी बालकवींना मिळाला. त्यांच्या कवितांचे इंग्रजी भाषांतर जपानच्या तत्कालीन सम्राज्ञी मिचिको यांनी स्वतः केले होते. जगाच्या परीक्षकांपर्यंत आपल्या भाषेतील बालकविता पोचवायची तर तिचे उत्तम भाषांतर लागते, आणि ते करण्याची निष्ठा त्या देशात थेट राजवाड्यात होती. आपल्याकडे बालकवितेच्या भाषांतराला अजून कोणी गंभीरपणे हात घातलेला दिसत नाही. आपली नात इंग्रजीत वाढते आहे आणि आजोबांशी मराठीत बोलते. तिच्याकडून एखाद्या मराठी बालकवितेचे इंग्रजी करून घ्यावे. ते कच्चे होईल, पण त्या निमित्ताने ती मराठी कविता तिच्या मनात कायमची राहील.

प्रश्न : मी आठवीत शिकते. आमच्या बाईंनी मला बक्षीस मिळालेले पुस्तक दिले. वीस पाने वाचली आणि मला कंटाळा आला. मैत्रिणी म्हणाल्या की तुला त्यातले काही कळत नाही. एवढ्या मोठ्या लोकांना आवडले आणि मला आवडले नाही, म्हणजे माझेच चुकते का? — एक विद्यार्थिनी, ता. हदगाव, जि. नांदेड

उत्तर : बाळ, तुझे काहीही चुकलेले नाही. ज्यांनी त्या पुस्तकाला बक्षीस दिले ती मोठी माणसे होती. तुझ्या वयाच्या मुलींना काय आवडेल याचा त्यांनी मनापासून अंदाज केला, पण तो अंदाजच होता. पुस्तक तुझ्यासाठी लिहिलेले आहे, तेव्हा तुझे मत त्या परीक्षकांच्या मतापेक्षा हलके नाही.

नेदरलंड्स नावाच्या देशात मुलांच्या पुस्तकांचा एक पुरस्कार मुलेच देतात. ती वर्षभर पुस्तके वाचतात आणि मग आवडलेल्या पुस्तकांना मते देतात. तुमच्या वर्गालाही हे सहज करता येईल. वर्गातील पुस्तकांपैकी दहा निवडा, प्रत्येक पुस्तक निदान पाच जणांनी वाचा आणि वर्षाच्या शेवटी चिठ्ठ्या टाका. मात्र प्रत्येकाने चिठ्ठीवर एक कारण लिहिलेच पाहिजे. ‘छान आहे’ किंवा ‘बोअर आहे’ हे कारण धरायचे नाही. कोणत्या पानावर पुस्तक खाली ठेवावेसे वाटले, कोणत्या पानावर जेवायची हाक ऐकू आली नाही, ते लिहायचे. जे पुस्तक जिंकेल त्याच्या लेखकाला सर्वांच्या सह्यांचे पत्र पाठवा. लेखकांना अशी पत्रे फार क्वचित येतात.

आणि त्या वीस पानांविषयी एक सांगते. पुस्तक बाईंना परत दे, पण कंटाळा कुठे आला हे त्यांना सांग. माणसांची नावे फार होती का, की गाव डोळ्यांसमोर उभे राहत नव्हते, की पुढे काय होणार ते आधीच कळत होते? एवढे नेमके सांगता आले की तू त्या पुस्तकाची परीक्षकच झालीस. दहावीनंतर ते पुन्हा एकदा उघडून पाहा. तेव्हाही आवडले नाही, तर ते तुझ्यासाठी नाही म्हणून सोडून दे.

प्रश्न : आमचे ‘ड’ वर्गाचे सार्वजनिक वाचनालय आहे. पुरस्कार जाहीर झाल्याची बातमी वाचून मुले पुस्तक मागतात आणि तालुक्याच्या दुकानात ते कधीच मिळत नाही. काय करावे? — एक ग्रंथपाल, ता. कळंब, जि. धाराशिव

उत्तर : तालुक्याच्या दुकानात गाइडे आणि वह्या विकल्या जातात, तेव्हा त्यांच्यावर अवलंबून राहू नये. प्रकाशकाला थेट पत्र किंवा फोन करून टपालाने पुस्तके मागवावीत. वाचनालयाच्या नावाने मागणी गेली की सवलतही मिळते. जिल्ह्याचा ग्रंथोत्सव भरतो तेव्हा आधीच यादी तयार ठेवावी. तोपर्यंत मुलांना रिकाम्या हाती परत पाठवू नये. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. मराठीतील कित्येक नामवंतांनी मुलांसाठी लिहिलेले मोलाचे लेखन त्यांत आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर चित्रमय मराठी गोष्टी मिळतात. त्यांचा परवाना खुला असल्यामुळे छापून घेऊन, शिवून, मुलांच्या हाती देता येतात.

प्रश्न : माझ्या वर्गातील निम्मी मुले दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शाळेत चांगली पुरस्कारप्राप्त पुस्तके आली आहेत, पण ती हरवतील या भीतीने कपाटात कुलूपबंद आहेत. ही पुस्तके मुलांबरोबर कारखान्यावर पाठवावीत असे मला वाटते. सहकारी म्हणतात की दप्तरी नोंदीची वस्तू तालुक्याबाहेर देता येत नाही. मी काय करावे? — एक शिक्षक, ता. धारूर, जि. बीड

उत्तर : गुरुजी, पाठवावीत. आपले पत्र मी तीन वेळा वाचले.

आपल्या सहकाऱ्यांची भीती मला समजते. तपासणीला आलेला अधिकारी पुस्तके मोजतो, ती कोणी वाचली हे विचारत नाही. म्हणून प्रथम कागद नीट करावा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय ठेवून ठराव घ्यावा, की स्थलांतरित विद्यार्थ्यांना हंगामाच्या काळासाठी प्रत्येकी दोन पुस्तके घरवाचनासाठी देण्यात येत आहेत आणि ती फाटल्यास किंवा हरवल्यास त्याची जबाबदारी समिती स्वीकारते. ठरावावर पालकांचे अंगठे आणि सह्या घ्याव्यात, पण भरपाईची अट मात्र घालू नये. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन निघालेल्या कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीच्या जोडप्यावर, आणखी एका पुस्तकाचे देणे टाकले, तर ते पुस्तक कोपीच्या, म्हणजे फडावरील झोपडीच्या, आढ्यावर बांधून ठेवले जाईल आणि कोणी त्याला हात लावणार नाही.

मग निवड. शिक्का येथे पूर्णपणे बाजूला ठेवावा. कोपीत उजेड थोडा असतो आणि सायंकाळी धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी आणणे ही कामे मुलांकडेच असतात. मोठी कादंबरी तेथे पुरी होत नाही. कविता आणि लहान गोष्टी पुऱ्या होतात. कवितेचा मोठा गुण हा, की चार वेळा वाचली की ती पाठ होते आणि मग पुस्तक भिजले किंवा बैलाने चघळले तरी ती मुलाजवळ राहते. म्हणून प्रत्येकाला एक कवितासंग्रह आणि एक चित्रांचे पुस्तक द्यावे. एकाच फडावर जाणाऱ्या मुलांना वेगवेगळी पुस्तके दिली, तर ती आपापसांत फिरतील. बंजारा तांड्यावरची मुले घरी गोरमाटी ही आपली बोली बोलतात. त्यांच्यासाठी चित्रांचे पुस्तक अधिक उपयोगी, कारण चित्र पाहून तीच गोष्ट त्यांना आपल्या भाषेत आईला सांगता येते.

पुस्तकांना प्लास्टिकचे जाड वेष्टन घालावे आणि पहिल्या पानावर मुलाचे नाव, आपल्या गावाचे नाव व शाळेचे नाव ठळक अक्षरांत लिहावे. पुस्तकाबरोबर एक कोरी चाळीस पानी वही द्यावी. वाचलेले कोणाला वाचून दाखवले त्यांची नावे मुलाने त्या वहीत लिहावीत, एवढाच गृहपाठ द्यावा. आईचे नाव येईल, मुकादमाच्या मुलाचे येईल, शेजारच्या कोपीतील परभणीच्या किंवा जालन्याच्या कोणाचे येईल. शक्य असेल तर महिन्यातून एकदा पालकांच्या मोबाइलवर फोन करून मुलाला एक कविता म्हणायला लावावी.

मुले परत येतील तेव्हा काही पुस्तके येणार नाहीत, हे आताच गृहीत धरावे. मूल पुस्तकाविना आले तर ‘कुठे हरवलेस’ असे न विचारता ‘काय वाचलेस’ असे विचारावे. त्याने सांगितलेली गोष्ट नोंदवहीत त्या पुस्तकाच्या क्रमांकापुढे दोन ओळींत उतरवून घ्यावी, खाली तारीख घालावी आणि मुलाची सही घ्यावी. बैठकीचा ठराव दिवाळीच्या सुट्टीआधीच करून घ्यावा, कारण गाड्या भरू लागल्या की मुलांना शाळेत यायला सवड राहत नाही.